घरातल्या माणसाला पोलिसांनी नेलं तर: पहिल्या रात्रीपासून निकालापर्यंत

हा लेख आरोपीच्या घरच्यांसाठी लिहिलाय. ज्याच्यावर गुन्हा दाखल झालाय तो स्वतः बहुधा लॉकअपमध्ये असतो आणि त्याचा फोन जमा झालेला असतो. पळापळ करते ती बायको, भाऊ, म्हातारे वडील, नाहीतर एखादा जवळचा मित्र. यातल्या कुणी याआधी पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नसते. तिथे जो तो वेगळं सांगतो: कुणी म्हणतं साहेबांना भेटा, कुणी म्हणतं वकील नको, प्रकरण वाढेल. फौजदारी कोर्टात इतकी वर्षं उभं राहून माझं एक मत पक्कं झालंय. बचावाचा मोठा भाग या पहिल्या दोन-तीन दिवसांतच ठरतो, कागदावर कोणती वेळ आणि कोणती तारीख पडली त्यावर. पुढे कितीही मोठा वकील दिला तरी त्या दिवसांत न लिहिलेली गोष्ट नंतर उभी करणं फार अवघड जातं. म्हणून एक वही घ्या आणि पहिल्या पानावर आजची तारीख टाका.

आधी नेमकं काय झालंय ते शोधा

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदाराकडे जाऊन शांतपणे चार गोष्टी विचारा. अटक दाखवली आहे की फक्त चौकशीला बोलावलंय? गुन्हा रजिस्टर नंबर काय? कलमं कोणती? तपासी अंमलदार कोण? ही उत्तरं मिळेपर्यंत बाकी सगळी चर्चा हवेत असते.

१ जुलै २०२४ पासून जुनी भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा जाऊन त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. त्यामुळे 'चारशे वीस लावलाय' असं कुणी सांगितलं तरी कागदावर वेगळा आकडा दिसेल. त्या तारखेआधी घडलेल्या घटनेला मात्र जुनीच दंड संहिता लागते. इथून पुढे मी नागरिक सुरक्षा संहितेला नुसतं 'नवी संहिता' म्हणेन.

नुसती एन.सी., म्हणजे अदखलपात्र नोंद असेल, तर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास नाही आणि वॉरंटशिवाय अटकही नाही. 'चॅप्टर केस' असेल तर तो खटलाच नव्हे. शांतता राखण्याचं बंधपत्र घेण्याची ती कार्यवाही आहे, कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर चालणारी. मुंबईत ते काम सहायक पोलीस आयुक्त बघतात.

एफआयआरची प्रत हातात नसेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर 'प्रकाशित गुन्हे' या भागात शोधा. एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलंय. लैंगिक अत्याचार, दहशतवाद असे नाजूक गुन्हे त्यातून वगळलेत. तिथे नाही सापडला तर वकिलामार्फत कोर्टातून नक्कल काढता येते.

नोटीस आली असेल तर

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या बहुतेक गुन्ह्यांत पोलिसांनी थेट अटक करायची नसते. अटक का गरजेची आहे हे त्यांना लेखी नोंदवावं लागतं. तशी गरज नसेल तर नव्या संहितेच्या कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची. जुन्या कायद्यात हीच '४१-अ ची नोटीस' होती आणि ठाण्यात अजून सगळे तिला त्याच नावाने ओळखतात. अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने ही नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावू नये असंही सांगितलं. तरीही मेसेज आला म्हणून दुर्लक्ष करू नका. स्क्रीनशॉट काढा, वकिलाला दाखवा, आणि गरज पडली तर वकिलामार्फत लेखी उत्तर द्या.

नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची झाली तर पोलिसांना कारणं नोंदवावी लागतात, म्हणून हजर राहणं हाच बचावाचा पहिला कागद होतो. जाताना 'आज अमुक वाजता हजर झालो' असा अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का व सही घ्या. शिक्का मिळत नसेल तर तोच अर्ज ठाण्याच्या ईमेलवर आणि स्पीड पोस्टाने पाठवा.

साठीच्या पुढच्या किंवा आजाराने खंगलेल्या माणसासाठी आणखी एक संरक्षण आहे. गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांहून कमी असेल तर उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याला अटक करता येत नाही. हे ठाण्यातल्या कर्मचाऱ्यांनाही पुष्कळदा माहीत नसतं. कलम ३५ चं उपकलम ७ दाखवा.

अटक झाली असेल तर वेळ लिहा

वहीतलं सगळ्यांत महत्त्वाचं पान हेच. माणसाला घरातून, दुकानातून किंवा रस्त्यावरून नेमकं किती वाजता नेलं? कोण आलं होतं, गाडी कोणती होती, पाहिलं कुणी? कोपऱ्यावरच्या मेडिकलचा किंवा सोसायटीच्या गेटचा कॅमेरा तिकडे तोंड करून आहे का?

याचं कारण असं. संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्याला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. आता समजा, सोमवारी सायंकाळी सहाला दुकानातून नेलं आणि कागदावर अटक दाखवली मंगळवारी सकाळी अकराला. बुधवारी सकाळी दहाला कोर्टात आणलं, तर कागदाप्रमाणे २३ तास होतात आणि प्रत्यक्षात ४०. मधले १७ तास 'चौकशीसाठी बसवून ठेवलं होतं' असं सांगितलं जातं. दुकानाच्या कॅमेऱ्यातलं फुटेज, त्या रात्री तुम्ही १०० किंवा ११२ वर केलेला फोन, ठाण्याला पाठवलेला ईमेल, यातलं काहीतरी हातात असेल तरच वकिलाला पहिल्या रिमांडला, म्हणजे कोठडी ठरवायच्या सुनावणीला, 'अटक बेकायदा आहे' असं जोरात म्हणता येतं. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं फुटेज किमान वर्षभर राखून ठेवावं असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये बजावलंय. ते जपून ठेवण्याची मागणी लगेच लेखी करा.

अटकेच्या वेळी पोलिसांनी काय करायला हवं याचे नियम डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिले आणि आता ते नव्या संहितेतच आहेत. अधिकाऱ्याचं नाव नीट वाचता आलं पाहिजे. अटकेचा कागद जागेवर तयार झाला पाहिजे आणि त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी. नातेवाइकाला कळवलं पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. या तपासणीच्या अहवालाची प्रत मागा, ती मिळण्याचा हक्क आहे. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेतली तरच ते चालतं. मुलगा किंवा मुलगी अठराच्या आतली असेल तर लॉकअप नाही, तुरुंग नाही. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला त्याच रात्री घेऊन जा, सकाळची वाट बघू नका.

आणखी एक नवी आणि फार मोलाची गोष्ट आहे. अटक का केली, ती कारणं आरोपीला लेखी आणि त्याला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत. मुंबईतल्या एका अपघाताच्या प्रकरणातून वर गेलेल्या अपिलात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं. त्याच क्षणी लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगायचं, पण रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. 'अमुक कलमाखाली अटक केली' एवढ्याने कारण दिलं असं होत नाही. काय केलं म्हणून धरलं, ते त्यात हवं. हा कागद मिळाला नसेल तर ते रिमांडच्या रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, लिहून घ्या.

चौकशीत काय बोलायचं, कशावर सही करायची

अनुच्छेद २०(३) प्रमाणे कुणालाही स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही. नाव, पत्ता, वय जरूर सांगावं. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच गळ्याशी येईल तिथे 'वकिलांशी बोलून सांगतो' म्हणावं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवता मात्र येत नाही. नार्को, पॉलीग्राफ, ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येत नाही. हा २०१० चा निकाल आहे.

पोलिसांसमोर दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यातली खाच मात्र माहीत नसते. 'मी कोयता विहिरीजवळ लपवलाय, दाखवतो' असं आरोपी बोलला आणि त्यावरून कोयता निघाला, तर त्या शोधाशी थेट जोडलेला तेवढा भाग पुराव्यात येतो. म्हणूनच निवेदन पंचनामा आणि जप्ती पंचनामा ही जोडी इतक्या खटल्यांत दिसते. मोक्कामध्ये, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्यात, तर पोलीस अधीक्षकाच्या किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या पद्धतीने नोंदवलेली कबुलीही ग्राह्य धरता येते. तिथे गप्प राहण्याला दुप्पट किंमत आहे.

कोऱ्या कागदावर सही करायची नाही, कुणी कितीही 'फॉर्मॅलिटी आहे' म्हटलं तरी. साक्षीदार म्हणून दिलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, कायदाच तसं सांगतो. पंचनाम्यावर सही घेतली तर वेळ स्वतःच्या हाताने घाला. फोन जप्त केला तर त्याचा आयएमईआय नंबर पंचनाम्यात आहे का बघा. झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण आता बंधनकारक आहे. ते झालं की नाही, याची नोंद वहीत करा.

घरच्यांना एक कळकळीची विनंती. घाबरून चॅट, फोटो, हिशोब काहीही डिलीट करू नका. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यात घरातला दुसरा माणूस आरोपी होतो. फिर्यादीला किंवा साक्षीदाराला फोन करून 'मिटवून घ्या' म्हणणंही आत्ता टाळा. उद्या जामिनाला सरकारी वकील तोच फोन पुढे करतील.

वकील

खासगी वकील परवडत नसेल तर हात जोडत फिरायची गरज नाही. कोठडीत असलेली प्रत्येक व्यक्ती, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीला पात्र आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तसं सांगतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग हेही पात्र आहेत. १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. तालुक्याला तालुका समिती असते. अनेक जिल्ह्यांत आता पूर्ण वेळ बचावाचंच काम करणारं लोक अभिरक्षक कार्यालय आहे. तिथले वकील रोज फौजदारी बोर्ड चालवतात. त्यांना 'फुकटचा वकील' म्हणून कमी लेखू नका. मी त्यांच्यातले काही फार तयारीचे उलटतपास ऐकलेत.

खासगी वकील नेमताना फी कशाची ते आधी स्पष्ट करून घ्या: फक्त जामिनाची की पूर्ण खटल्याची? पावती मागा. 'साहेबांशी सेटिंग आहे' असं जो म्हणेल त्याच्या वाटेला जाऊ नका, मग तो काळा कोट घातलेला असो नाहीतर नसो. वकिलाला सगळं खरं सांगा, विशेषतः जे अडचणीचं आहे ते. ते त्याच्याकडून बाहेर जाऊ शकत नाही, कायद्याने गोपनीय आहे. पण तेच पहिल्यांदा उलटतपासात साक्षीदाराच्या तोंडून त्याच्या कानावर पडलं, तर तिथल्या तिथे सावरायला वेळ नसतो.

पहिलं रिमांड

ही सुनावणी अनेकदा पाच-दहा मिनिटांत उरकते. मॅजिस्ट्रेट आरोपीला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' मारहाण झाली असेल तर ती सांगायची पहिली जागा हीच. इथे 'नाही' म्हटलं आणि महिन्याने आरोप केला तर त्याला वजन राहत नाही. भीती साहजिक आहे, कारण परत त्याच लॉकअपमध्ये जायचं असतं. म्हणून वकिलानेच जखमा दाखवून पुन्हा वैद्यकीय तपासणीचा आदेश मागावा.

पोलीस कोठडी हवी असेल तर तपासी अंमलदाराने कारणं दिली पाहिजेत: काय जप्त करायचंय, कुणाला शोधायचंय. 'गुन्हा गंभीर आहे' हे कोठडीचं कारण होत नाही. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांहून जास्त नसते. पूर्वी ती पहिल्या पंधरवड्यातच संपायची. आता ती तुकड्या-तुकड्यांत, गुन्ह्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत कधीही मागता येते. म्हणजे एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाली, माणूस तुरुंगात गेला, की पीसीआर (पोलीस कोठडी) संपली असं धरून चालता येत नाही. मात्र पुढे पोलीस कोठडी लागू शकते एवढ्यावरून जामीन नाकारता येत नाही, असं नव्या संहितेच्या कलम ४८० मध्येच लिहिलंय. जामिनाच्या अर्जात हे वाक्य असलंच पाहिजे.

ओळख परेड व्हायची असेल तर आरोपीचा चेहरा झाकून नेलं का, त्याचा फोटो वर्तमानपत्रात किंवा व्हॉट्सअॅपवर आधीच फिरला का, हे तारखेसकट टिपा. साक्षीदाराने आधी पाहिलेल्या चेहऱ्याच्या परेडला काही अर्थ उरत नाही.

जामीन

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, ठाण्यातूनच होतो. जामीनदार द्यायची ऐपत नसेल आणि आठवडा उलटला तर गरीब आहे असं मानून जातमुचलक्यावर (स्वतःच्या लेखी हमीवर) सोडावं लागतं. अजामीनपात्र गुन्ह्यात आधी मॅजिस्ट्रेट, नाहीतर सत्र न्यायालय, मग उच्च न्यायालय. अटकेचीच भीती असेल तर कलम ४८२ खाली अटकपूर्व जामीन सत्र किंवा उच्च न्यायालयातून. अॅट्रॉसिटी कायद्याच्या गुन्ह्यांत त्याला बंदी आहे, आणि प्रथमदर्शनी गुन्हाच होत नसेल तेवढाच अपवाद. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालंय.

न्यायाधीश तीन गोष्टी बघतात: माणूस पळेल का, साक्षीदारांना धाक घालेल का, पुन्हा गुन्हा करेल का. म्हणून अर्जासोबत मुळं दाखवणारे कागद लावा. घरपट्टीची पावती, सातबारा, नोकरीचं पत्र, मुलांच्या शाळेचे दाखले, म्हाताऱ्या आईचे दवाखान्याचे कागद. पोलिसांचा आणि सरकारी पक्षाचा 'से' (लेखी म्हणणं) आला की तो नीट वाचा. 'आरोपीवर आणखी गुन्हे आहेत' असं ठोकून दिलेलं असतं, आणि शोध घेतला की त्यातल्या एकात बी समरी झालेली असते, म्हणजे फिर्याद खोटी म्हणून पोलिसांनीच प्रकरण बंद केलेलं असतं. ती कागदावर आणली की चित्र बदलतं.

जामीन मंजूर झाला तरी जामीनदाराची गाठ सुटत नाही तोवर माणूस बाहेर येत नाही. आधीच तयारी ठेवा: जामीनदाराचं आधार, रेशनकार्ड, फोटो, पगाराची स्लिप किंवा सातबारा, कोर्टाने मागितला तर ऐपतीचा दाखला. वेळ लागणार असेल तर तात्पुरत्या रोख जामिनाची परवानगी मागा. कोर्टाबाहेर पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार मिळतात, त्यांच्यापासून दूर राहा. कागद बोगस निघाले तर जामीन रद्द होतो आणि नवा गुन्हा मागे लागतो. आदेश होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, असा जानेवारी २०२३ चा निर्देश आहे. तुम्ही स्वतःच त्या कार्यालयात जाऊन सांगा.

साठ आणि नव्वद दिवसांचं गणित

हे कॅलेंडर घरच्यांनी स्वतः ठेवावं, वकिलावर सोडू नये. ठरलेल्या मुदतीत दोषारोपपत्र दाखल झालं नाही तर जामीन हक्काने मिळतो. प्रकरणात कितीही दम असो, कोर्टाला नाकारता येत नाही. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात मुदत ९० दिवस, बाकीच्यांत ६०. मोक्का आणि यूएपीए (बेकायदा कारवायांविरुद्धचा कायदा) यांत ती १८० पर्यंत जाऊ शकते. एनडीपीएसच्या (अमली पदार्थांच्या कायद्याच्या) व्यावसायिक प्रमाणाच्या गुन्ह्यांत ती मुळातच १८० असते आणि एक वर्षापर्यंत वाढवता येते.

मोजायचं असं. अटकेचा दिवस धरायचा नाही, पहिल्या रिमांडचा धरायचा, आणि तो धरूनच मोजायचं. सर्वोच्च न्यायालयाने हे २०२३ मध्ये पक्कं केलं. रिमांड १ मार्चला झालं तर साठावा दिवस २९ एप्रिल. ३० एप्रिलला कोर्ट उघडताच अर्ज टाकायचा आणि त्यावर वेळेचा शिक्का घ्यायचा. अर्ज अकराला आणि दोषारोपपत्र दुपारी तीनला आलं तर हक्क शाबूत राहतो. उलट झालं तर हक्क गेला. गुन्ह्याची शिक्षा 'दहा वर्षांपर्यंत' असेल तिथे ६० की ९० यावर वाद होतो. मी अशा वेळी एकसष्टाव्या दिवशीच अर्ज टाकायला सांगतो. फेटाळला तर वर जाता येतं, न टाकलेल्या अर्जाचं काहीच करता येत नाही.

जामीन न मिळता वर्षं उलटली असतील तर कलम ४७९ बघा. याआधी कधीच शिक्षा न झालेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश आणि इतरांनी निम्मा काळ कोठडीत काढला असेल तर सुटकेची तरतूद आहे. मृत्युदंड-जन्मठेपेचे गुन्हे आणि ज्यांच्यावर एकाहून अधिक प्रकरणं आहेत ते यातून वगळलेत.

आपला पुरावा आपण गोळा करायचा

पोलीस फिर्यादीच्या बाजूचा पुरावा गोळा करतात. 'मी तिथे नव्हतोच' हे सिद्ध करणारा कागद बहुधा कुणी शोधायला जात नाही. दुकानांचे, सोसायट्यांचे कॅमेरे काही दिवसांत जुन्यावर नवं चढवतात, त्यामुळे लेखी विनंती करून फुटेज लगेच घ्या. देत नसतील तर कोर्टात कलम ९४ खाली ते हजर करण्याचा किंवा जपण्याचा अर्ज करा. मोबाईल कंपन्यांच्या कॉल आणि टॉवर नोंदींचंही तसंच. टोलनाक्याची फास्टॅग नोंद, एसटीचं तिकीट, दवाखान्याचा केसपेपर, कंपनीतली बायोमेट्रिक हजेरी. यातलं काय चालेल ते वकील ठरवेल, तुम्ही गोळा करा.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या एका विधानसभा निवडणुकीच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्याची सक्ती स्पष्ट केली होती. फुटेजचा पेनड्राइव्ह घेताना देणाऱ्याकडून ते प्रमाणपत्रही घ्या, दोन वर्षांनी तो दुकानदार सापडत नाही.

दोषारोपपत्र आल्यावर

सगळ्या कागदांच्या प्रती आरोपीला मोफत मिळतात. घरी बसून त्या वाचा, एकदा नव्हे, चार वेळा. गावातली नाती, घरांची दिशा, कुणाचं कुणाशी बांधावरून भांडण आहे, हे वकिलाला माहीत नसतं. 'हा साक्षीदार त्या दिवशी सुरतला होता' असं घरचा माणूसच सांगू शकतो.

त्यानंतरचे मार्ग वकिलाशी बसून ठरवा. कागदांवरून गुन्हाच दिसत नसेल तर दोषमुक्तीचा अर्ज, ज्यासाठी आता ६० दिवसांची मुदत आहे. प्रकरण मुळातच दिवाणी वादाचं किंवा सूडाचं असेल, अथवा दोन्ही बाजूंत खरी तडजोड झाली असेल, तर उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली रद्द करण्याचा अर्ज. खून-बलात्कारासारख्या गुन्ह्यांत मात्र तडजोडीवर प्रकरण रद्द होत नाही. खटल्याचा खर्च वाचेल म्हणून 'गुन्हा कबूल करून टाक, दंडावर सुटशील' असा सल्ला कुणी दिला तर आधी नोकरी, पासपोर्ट आणि पुढच्या आयुष्यावर शिक्षेचा काय परिणाम होईल ते विचारा.

खटला

सिद्ध करायचं ओझं सरकारी पक्षावर असतं. परिस्थितीजन्य पुराव्यावर उभ्या असलेल्या खटल्यात तर साखळीची एकही कडी सुटता कामा नये. पुण्यातल्या सारडा प्रकरणात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची पाच सूत्रं घालून दिली, ती आजही रोज वाचली जातात.

उलटतपास म्हणजे ओरडणं नव्हे, हे कळायला एक नमुना पुरे. साक्षीदार कोर्टात सांगतो, 'मी आरोपीच्या हातात लोखंडी रॉड पाहिला.' पोलिसांपुढच्या जबाबात रॉडचा उल्लेखच नाही. वकील विचारतो, 'रॉडचं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?' 'हो, सांगितलं होतं.' मग जबाब दाखवला जातो आणि नोंद होते: 'माझ्या पोलीस जबाबात तसं का लिहिलं नाही याचं कारण मी सांगू शकत नाही.' इथे काम अर्धंच झालंय. पुढे तपासी अंमलदार साक्षीला आला की त्याला विचारून घ्यावं लागतं, 'या साक्षीदाराने रॉडबद्दल तुम्हाला काही सांगितलं नव्हतं?' त्याने 'बरोबर आहे' म्हटलं की ती उणीव सिद्ध झाली. हा दुसरा प्रश्न विचारायचा राहून गेला तर पहिल्याची मेहनत वाया जाते. म्हणून प्रत्येक साक्षीनंतर नक्कल घ्या आणि तपासी अंमलदाराला कोणते प्रश्न बाकी आहेत त्याची यादी त्याच वहीत ठेवा.

तारखेला आरोपीने हजर राहायचंच. आजारी असेल तर वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज आणि डॉक्टरांचा दाखला. एक तारीख चुकली की वॉरंट निघतं आणि मोठ्या कष्टाने मिळवलेला जामीन धोक्यात येतो. खटल्याचा सीएनआर नंबर (अक्षरं आणि आकडे मिळून सोळा) घालून ई-कोर्ट्स अॅपवर पुढची तारीख पाहता येते.

पुरावा संपला की न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात, जुन्या भाषेत ३१३ चा जबाब, आता कलम ३५१. इथे शपथ नसते. सगळ्याच प्रश्नांना 'खोटं आहे' म्हणून मोकळं होणारे आरोपी मी रोज बघतो आणि दर वेळी हळहळ वाटते. बचावाची आपली बाजू आपल्या शब्दांत सांगायची ही फार महत्त्वाची जागा आहे आणि लेखी निवेदनही देता येतं. आठवडाभर आधी वकिलाबरोबर बसा.

निकालानंतर

शिक्षा झाली तर त्याच दिवशी निकालाची प्रत मागा, ती आरोपीला मोफत मिळते. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सत्र न्यायालयात ३० दिवसांत आणि सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात ६० दिवसांत अपील. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर अपील करेपर्यंतचा जामीन तेच कोर्ट देतं. त्यासाठी निकालाच्या दिवशी जामीनदाराला सोबत घेऊन जा, कागदपत्रांसकट.

सुटका झाली तर सहीशिक्क्याची नक्कल दोन-तीन प्रतींत काढून ठेवा. पासपोर्टच्या पडताळणीला, सरकारी नोकरीच्या चारित्र्य तपासणीला ती वर्षानुवर्षं लागते, कारण पोलिसांच्या नोंदीत गुन्हा दिसत राहतो आणि निकाल मात्र पुष्कळदा चढवलेला नसतो. नक्कल जोडून संबंधित ठाण्याला लेखी अर्ज द्या, की नोंदीत निकाल घ्यावा. जप्त झालेला फोन, गाडी, पैसे परत मिळवण्यासाठी निकालपत्रातला मुद्देमालाचा परिच्छेद वाचा. त्यात परत देण्याचा आदेश असेल तर अपिलाची मुदत संपल्यावर कोर्टाच्या मुद्देमाल कारकुनाकडे अर्ज करा.